हाटातून शेळी आणली? आधी 21 दिवस लांब बांधा

मागच्या हिवाळ्यात काकांनी महूकडच्या शेतावर हाटातून दोन शेळ्या आणल्या आणि कौतुकाने सरळ जुन्यांच्याच गव्हाणीला बांधल्या, शेळ्या दिसायला एकदम ठणठणीत होत्या हो, पण आठवडाभरात निम्म्या शेडची नाकं गळायला लागली. निघालं पीपीआर, शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग. गाई-म्हशींना व्हायची त्या बुळकांडीच्याच घराण्यातला व्हायरस, बुळकांडी 2011 मध्ये जगातून गेली, हा अजून आहे.

गोची अशी की लागण झाल्यावर साधारण 4-6 दिवस जनावर ठीक दिसतं आणि लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीच व्हायरस पसरवायला लागतं. म्हणजे हाटात तुम्ही दात बघा, कास बघा, कळणार काहीच नाही.

तर पहिलं काम, नवीन जनावर 21 दिवस वेगळं. वेगळं म्हणजे त्याच शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात नाही बरं का! शिंकेतून, नाका-डोळ्यांच्या पाण्यातून, लेंड्यांतून पसरतो हा, त्यामुळे पाण्याचं टोपलं वेगळं, चारा वेगळा, आणि आधी जुन्यांचं सगळं आटपून मग नव्यांकडे जायचं, उलटं नाही. न विकली गेलेली बोकडं हाटातून परत आणलीत तर तीही नवीनच समजा. दिवाळीनंतर राजस्थानकडचे मेंढ्यांचे कळप माळव्यातून जातात, तेव्हा आपल्या शेळ्या त्यांच्यात चरायला सोडू नका, कोणाचा कळप कुठून काय घेऊन आलाय कोणाला माहीत.

रोज सकाळी तोंडाकडे बघा. ताप 104-106 फॅरनहाइट, डोळ्यांत चिपडं, नाकपुड्यांवर सुकलेली खपली, आणि ओठ उघडला की हिरड्यांवर ओला कोंडा चिकटल्यासारखं दिसतं, वास तर असा येतो की विसरणार नाही. मग जुलाब, खोकला. असं दिसलं की विकायला पळू नका (लोक हेच करतात आणि पुढचं गाव बुडवतात), 1962 ला (जनावरांच्या डॉक्टरांची हेल्पलाइन) फोन लावा, डॉक्टरांची गाडी येते. व्हायरसवर औषध नाही, अँटिबायोटिक देतात ते वरून होणाऱ्या न्यूमोनियासाठी, बाकी पाणी-मीठ-गूळ पाजत राहायचं. मेलेलं जनावर नाल्यात न फेकता खोल पुरा. शेड मात्र धुण्याच्या सोड्याने नि उन्हाने साफ होतं, बाहेर हा व्हायरस फार टिकत नाही.

आणि लस. पिल्लू 3-4 महिन्यांचं झालं की द्यायची, त्याआधी आईच्या चिकातून मिळालेली ताकदच लसीला चालू देत नाही. 1 मिली, कातडीखाली, एकदा दिली की निदान 3 वर्षं बघायला नको. फक्त लस बर्फात आली का आणि सोबतच्या द्रावणात कालवल्यावर लगेच टोचली का ते उभं राहून बघा. काकांनी लस घेतली होती म्हणे, पण डबा दुपारभर मोटरसायकलच्या डिकीत होता.