कर्ज ‘सेटल’ झाल्यावर जुनी गाडी हप्त्यावर घेताना

लॉकडाऊनमध्ये आमचं केटरिंग बसलं आणि धंद्याचं कर्ज तडजोडीत मिटवावं लागलं. आईला डायलिसिसला न्यायला गाडी मात्र हवीच होती. जुनी वॅगन-आर हप्त्यावर मिळाली, ती कागद आधी नीट केले म्हणून.

पहिलं काम, सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल, काढा. वर्षातून एकदा फुकट मिळतो. नुसता स्कोअर बघू नका, जुन्या कर्जासमोर काय लिहिलंय ते वाचा. ‘सेटल्ड’ म्हणजे पूर्ण फेड नव्हे, आणि कर्ज देणारा नेमका तिथेच अडतो. जमत असेल तर तडजोडीत सूट मिळालेली रक्कम भरून ‘क्लोज्ड’ करून घ्या आणि नो ड्यूजचं, म्हणजे काही बाकी नसल्याचं, पत्र हातात घ्या. तरीही नोंद बदलली नाही तर बँकेकडे किंवा सिबिलकडे तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

‘सिबिल बघत नाही’ म्हणणाऱ्या एजंटकडे घाईने सही करू नका, ही माझी कळकळीची विनंती. आधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च लिहिलेला कागद, मागा. त्यात एपीआर असतो, म्हणजे प्रोसेसिंग फीसकट वर्षाचा खरा खर्च. ‘फ्लॅट’ व्याज ऐकायला कमी वाटतं, पण ते शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागतं.

डाउन पेमेंट जमेल तेवढं जास्त द्या.

आणि आरसीवर हायपोथिकेशन, म्हणजे आधीच्या कर्जाचा बोजा, आहे का बघा. असेल तर आधीच्या बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय मालकाला पूर्ण पैसे देऊ नका.