स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील उपचारांची चाचणी सुरू करण्यापूर्वी: मोजमापांची तयारी

शस्त्रक्रियेने काढता येईल अशा स्वादुपिंडाच्या कर्करोगावर उपचारांची चाचणी (क्लिनिकल ट्रायल) आखताना औषध, मात्रा आणि रुग्णसंख्या यांवर महिनोन्‌महिने खल होतो. काय मोजायचे, कोणत्या दिवसापासून मोजायचे आणि कोणी मोजायचे हे मात्र पुष्कळदा आधीच्या एखाद्या प्रोटोकॉलमधून, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यातून, जसेच्या तसे उचलले जाते. निदानाच्या वेळी जेमतेम १५ ते २० टक्के रुग्णच शस्त्रक्रियेच्या टप्प्यात असतात, त्यामुळे या चाचण्यांना रुग्ण कमी मिळतात आणि एका चाचणीचे निष्कर्ष दुसरीच्या शेजारी ठेवूनच काही ठामपणे म्हणता येते. त्यासाठी पुढील गोष्टी पहिल्या रुग्णाची संमती घेण्याआधी लेखी ठरलेल्या असाव्यात.

सर्वांत आधी ठरवायचा तो मोजणीचा पहिला दिवस. निदानाचा दिवस, रँडमायझेशनचा (रुग्णाला चिठ्ठी टाकल्यासारखे एखाद्या उपचारगटात घालण्याचा) दिवस आणि शस्त्रक्रियेचा दिवस यांत कित्येक महिन्यांचे अंतर असू शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या अंतरात अनेक रुग्ण गळतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रॉडिज २४ चाचणीत शस्त्रक्रियेनंतर नुसते जेमसिटाबिन हे केमोथेरपीचे औषध मिळालेल्या गटाचा मध्यक जीवितकाल (निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो) ३५ महिने होता. प्रीओपँक चाचणीत आधी शस्त्रक्रिया आणि मग जेमसिटाबिन असे नियोजन असलेल्या गटात तो १४.३ महिने निघाला. औषध तेच, क्रमही तोच. परंतु पहिल्या चाचणीत शस्त्रक्रिया पार पडलेले, त्यातून सावरलेले आणि सीए १९-९ या रक्तातील कर्करोगसूचक घटकाची पातळी १८० युनिटांपर्यंतच असलेले रुग्ण घेतले होते, तर दुसरीत शस्त्रक्रियेपूर्वीच रँडमायझेशन झाले होते आणि पोट उघडल्यावर आजार पसरलेला आढळला तो रुग्णही मोजणीत राहिला. शिवाय शस्त्रक्रियायोग्यतेच्या सीमारेषेवरील रुग्णही त्यात होते. म्हणून मोजणी रँडमायझेशनपासून करावी, निदानाची आणि शस्त्रक्रियेची तारीख स्वतंत्रपणे नोंदवावी, आणि शस्त्रक्रियेपर्यंत न पोहोचलेल्या प्रत्येक रुग्णाचे कारण केस रेकॉर्ड फॉर्ममध्ये (प्रत्येक रुग्णाच्या नोंदीच्या अर्जात) लिहिण्याची सोय ठेवावी. माझ्या मते या यादीतील एकच गोष्ट पाळता येणार असेल, तर ती ही.

दुसरी तयारी घटनेच्या व्याख्येची. एकूण जीवितकालात घटना एकच, मृत्यू. तिच्याबद्दल वाद नाही. ‘रोगमुक्त जीवितकाल’ म्हटले की मात्र प्रश्न सुरू होतात: दुसऱ्या अवयवाचा नवा कर्करोग मोजायचा का, आजाराशी संबंध नसलेला मृत्यू मोजायचा का, नुसती सीए १९-९ वाढली तर तो दिवस पुनरुद्भवाचा, म्हणजे आजार परतल्याचा, धरायचा का? शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी देणाऱ्या चाचणीत तर रँडमायझेशनच्या दिवशी गाठ शरीरातच असते, म्हणून तेथे ‘रोगमुक्त’ हा शब्दच लागू होत नाही. आजार वाढणे, शस्त्रक्रिया अशक्य ठरणे, गाठीचा दिसणारा भाग मागे राहणे, पुनरुद्भव आणि मृत्यू या सर्व घटना नावानिशी लिहून ‘घटनामुक्त जीवितकाल’ मोजावा. कालावधीवर आधारित निकषांच्या व्याख्यांसाठी डेटकॅन या तज्ज्ञांच्या गटाने २०१४ साली मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. प्रोटोकॉल लिहिणाऱ्याने त्या समोर ठेवूनच बसावे.

स्कॅन कोण वाचणार, हेही आधीच ठरवावे. शस्त्रक्रियेनंतरच्या दोन केमोथेरपींची तुलना करणाऱ्या अपॅक्ट चाचणीत स्वतंत्र परीक्षकांच्या वाचनानुसार दोन गटांचा रोगमुक्त जीवितकाल १९.४ विरुद्ध १८.८ महिने, म्हणजे जवळपास सारखाच आला. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदींनुसार तो १६.६ विरुद्ध १३.७ महिने होता. रुग्ण तेच असूनही मुख्य निकष पहिल्या वाचनावर बेतलेला असल्याने चाचणी आपले उद्दिष्ट गाठू शकली नाही. शस्त्रक्रियेच्या जागेवरील व्रण आणि परतलेली गाठ स्कॅनवर सारखेच दिसू शकतात. रुग्णाला पाहणाऱ्या डॉक्टरांजवळ वजन, वेदना आणि रक्ततपासणी यांचा आधार असतो, केवळ प्रतिमा पाहणाऱ्याजवळ नसतो. कोणतेही वाचन निवडावे, पण निवड आधी व्हावी, आणि दोन्ही गटांत स्कॅनचे अंतर समान असावे, कारण लवकर स्कॅन केलेल्या गटात पुनरुद्भव लवकरच सापडतो.

प्रवेशाच्या वेळच्या नोंदींत वय, कार्यक्षमता, गाठीची जागा आणि आकार हे सहसा सुटत नाहीत. सुटते ते असे: ‘शस्त्रक्रियायोग्य’ हा शब्द लिहिला जातो, पण कोणत्या निकषाच्या कोणत्या आवृत्तीनुसार, ते लिहिले जात नाही. फॉर्मवर धमनी आणि शिरेशी गाठीचा संपर्क अंशांत, निदान १८० अंशांच्या आत की बाहेर एवढे तरी, नोंदवावा; मग वर्गीकरण बदलले तरी माहिती वाया जात नाही. सीए १९-९ घेताना त्याच दिवशीचे बिलिरुबिनही (काविळीत रक्तात वाढणारे द्रव्य) घ्यावे, कारण कावीळ असताना ही पातळी खोटी वाढते. ल्युइस प्रतिजन हा रक्तगटासारखा जन्मजात घटक नसलेल्या काही लोकांत ती वाढतच नाही, त्यांच्यासाठी वेगळी खूण असावी. पित्तनलिकेत स्टेंट (ती मोकळी ठेवणारी नळी) असल्यास स्कॅन त्याच्या आधीचा की नंतरचा, हेही लिहावे.

पॅथॉलॉजीच्या टेबलावर काय होणार याचे पान प्रोटोकॉलला स्वतंत्रपणे जोडावे. काढलेल्या भागाची प्रत्येक कड वेगळ्या रंगाच्या शाईने रंगवायची, मग आडवे काप घ्यायचे आणि प्रत्येक कडेपासून जवळची कर्कपेशी किती मिलिमीटरवर आहे ते लिहायचे. लीड्स येथील पॅथॉलॉजिस्टांनी २००६ साली अशी ठरावीक पद्धत आणि एक मिलिमीटरचा निकष (कर्कपेशी कडेपासून एवढ्या अंतरात असली की कड बाधित) वापरला, तेव्हा कड बाधित असलेल्यांचे प्रमाण ८५ टक्के निघाले. ‘कड मोकळी’ या दोन शब्दांवर विसंबणारी चाचणी दुसऱ्या केंद्राशी ताडून पाहता येत नाही. प्रत्यक्ष अंतर लिहिले असेल तर शून्य आणि एक मिलिमीटर या दोन्ही निकषांनी वाचता येते.

गुंतागुंतीसाठी नव्या व्याख्या बनवू नयेत. स्वादुपिंडाच्या फिस्टुलासाठी (शस्त्रक्रियेनंतर स्वादुपिंडाचा रस गळण्यासाठी) आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाची २०१६ची सुधारित व्याख्या घ्यावी; तिने पूर्वीची ‘अ’ ही सर्वांत सौम्य श्रेणी फिस्टुलातून वगळली आहे, म्हणून जुन्या आकड्यांशी तुलना करताना फक्त ‘ब’ आणि ‘क’ धराव्यात. मृत्यू आणि गुंतागुंत ९० दिवसांपर्यंत मोजावी. केमोथेरपी कोणत्या आठवड्यात सुरू झाली, किती चक्रे पूर्ण झाली आणि ती का थांबली, यासाठी एक रकाना पुरेसा आहे, पण तो असलाच पाहिजे.

रुग्णाचे स्वतःचे म्हणणे नोंदवण्यासाठी क्यूएलक्यू-सी३० ही कर्करोगरुग्णांच्या जीवनमानाची प्रश्नावली आणि स्वादुपिंडासाठीची पॅन२६ प्रश्नावली उपलब्ध आहे. रुग्ण आणि डॉक्टर यांना विचारून तयार झालेल्या कोप्रॅक या मोजायच्या बाबींच्या संचात पोटाच्या तक्रारींबरोबर आजार परतण्याची भीती आणि नेहमीची कामे करण्याची क्षमता यांनाही स्थान मिळाले आहे, ते मला फार मोलाचे वाटते. पहिली प्रश्नावली रुग्णाला आपला गट कळण्याआधी भरून घ्यावी. नंतरची एखादी कोरी राहिली तर रुग्ण फार आजारी होता, नकार दिला, की कोणी विचारलेच नाही, हे त्याच आठवड्यात परिचारिकेकडून लिहून घ्यावे. वर्षभराने त्याचे कारण सांगणारे कोणी उरत नाही.