शेकाट्या आणि अळंबी यांची तुलना कशी करावी

माझ्या वहीतली दोन चित्रं पाहून भाची म्हणाली, "मामा, दोघं एकेका काडीवरच उभे की!" एक होता एका पायावर डुलकी घेणारा शेकाट्या हा पाणपक्षी, दुसरी वारुळावरची अळंबी. ही तुलना तुम्हालाही करायची असेल तर समोरासमोरची दोन पानं कोरी ठेवा. मात्र घाई नको, एका फेरीत दोन्हींची गाठ पडणं कठीण.

शेकाट्यासाठी हिवाळ्यात पैठणचा नाथसागर गाठा. पाणी मागं सरून गाळ उघडा पडला की सकाळी उन्हाला पाठ करून बसा. आधी पाय काढा, बाकी पक्षी नंतर. लांबलचक गुलाबी पायाच्या मध्यावर जो सांधा मागं वळतो, त्याला मी कैक दिवस गुडघाच लिहीत होतो. ती टाच आहे. गुडघा वर पिसांत दडलेला असतो.

अळंबी जुलै-ऑगस्टमधली. गौताळ्याच्या अभयारण्यात फक्त बघा, उपटू नका. हाताळायची तर आपल्या बांधावरची घ्या. वारुळात हात मात्र घालायचा नाही, आत नाग असू शकतो. खुरप्यानं देठाभोवतीची माती हळूहळू काढा. देठ संपतच नाही, मुळासारखा खाली जात राहतो. खाली वाळवी या बुरशीची चक्क शेती करते. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे नुसतं फळ, खरं अंग जमिनीत. शेकाट्या मात्र अख्खा समोर उभा असतो.

आता छाप घ्या. देठ कापून छत्रीची आतली बाजू खाली करून, अर्ध्या काळ्या अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवा, वर पातेलं झाका. पंखा बंद! माझी पहिली छाप वाऱ्यानं गेली. सकाळी बीजाणूंची, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या कणांची, बारीक पूड उमटते, वारुळावरच्या अळंबीची फिकट गुलाबी. हिरवट दिसली तर ती विषारी छत्री समजा. पण गुलाबी आली म्हणून भाजी करू नका, गुलाबी छापेच्याही विषारी जाती आहेत.

मग ओळीला ओळ लावा. पाय पक्ष्याला पाण्यात चालवतो. देठ छत्रीला वाऱ्यात उचलून धरतो. शेकाट्या बहुधा 4 अंडी घालून राखण करतो, अळंबी अगणित बीजाणू सोडून मोकळी होते. सारखेपणाच्या रकान्यात काडी सोडून काही उरेना, तेव्हा मी कायटिन हा टणक पदार्थ लिहिला: शेकाट्या खातो त्या किड्यांच्या कवचात तेच, अळंबीच्या पेशींच्या भिंतीतही तेच. भाचीनं त्याखाली एक किडा काढून ठेवलाय.