ओला कचरा, संत्र्याची सालं आणि कूलर: नागपूरकरांनो, या चुका टाळा

घरी खत करायच्या बहुतेक कृती पुण्या-मुंबईच्या हवेवर बेतलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास फिरतो आणि पावसाळा लागला की खाली पडलेलं पानही वाळत नाही. एकच बादली, एकच कृती दोन्ही ऋतूंत चालवायला गेलं की खताचा डबा बंद पडतो. तो बंद पडतो मेमध्ये नाहीतर जुलैत, आणि कारणं अगदी उलट असतात. कूलर आणि घंटागाडीच्या बाबतीतही अशाच काही चुका होतात.

होळीच्या सुमारास पाला जाळणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कडुनिंब, पिंपळ, साग यांचा पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतो, आणि त्याची खरी गरज असते पावसाळ्याचे चारही महिने. चौघांच्या घरात रोज साधारण दोन लिटर मापाचा ओला कचरा निघतो. त्यावर तेवढाच चुरलेला पाला हवा. पावसाळ्याच्या १२० दिवसांचे झाले २४० लिटर, म्हणजे ५० किलो गव्हाची चार पोती दाबून भरावी लागतात. पाला कडक उन्हात कुरकुरीत असतानाच पायाखाली चुरून भरा. सागाची पानं अख्खी टाकली तर डब्यात त्यांचे थर बसतात आणि हवा अडते.

हा साठा नसला की जुलैत डब्याला वास सुटतो. ओल जास्त झाली की कचऱ्यातल्या फटी पाण्याने भरतात, हवा संपते आणि कुजण्याऐवजी सडणं सुरू होतं. यावर अत्तरं, कापूर, फिनाईल काही कामाचं नाही. फिनाईलने तर खत करणारे जिवाणूच मरतात. सगळा माल घमेल्यात काढा, चार-पाच मूठ पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा, ढेकळं फोडा, परत भरा. पुढचे दोन दिवस नवीन कचरा टाकू नका. डब्याच्या तळाला आणि बाजूंना ८-१० मिलिमीटरची भोकं आहेत ना आणि ती बुजलेली नाहीत ना, तेही पाहा. डब्याखाली दोन विटा ठेवल्या तर पाणी निथळतं. अळ्या दिसल्या म्हणून डबा फेकायचं कारण नाही, त्या कचरा खाऊनच मोठ्या होतात. नको असतील तर पाल्याचा दोन इंचांचा थर वर द्या.

वाळलेला कचरा म्हणजे झालेलं खत समजणं

ही मे महिन्यातली फसगत. गच्चीवर काळी बादली ठेवली की आठ दिवसांत माल तपकिरी, भुसभुशीत आणि बिनवासाचा दिसतो. खत झालं समजून तो कुंडीत जातो आणि पंधरा दिवसांत मोगरा पिवळा पडतो. ते खत नसतंच, नुसता सुकलेला कचरा असतो. कुंडीत पाणी मिळालं की तो कुजायला लागतो आणि मुळांच्या वाट्याचं नत्र खातो. खात्री करायची असेल तर त्यावर पाणी शिंपडा आणि दोन दिवस झाकून ठेवा. गरम झालं किंवा वास आला तर माल कच्चा आहे. तयार खताला मातीचा वास येतो आणि त्यात सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. नीट ओल राखली तर याला दीड-दोन महिने लागतात.

ओल पाहायची तर मूठभर माल घट्ट दाबा. बोटांतून एखाद-दोन थेंब निघावे आणि लाडू टिकावा. तो फुटला तर पाणी शिंपडा, धार लागली तर पाला घाला. उन्हाळ्यात बादली उत्तरेच्या भिंतीला सावलीत न्या आणि वर ओलं पोतं टाका. डब्यात मुंग्या झाल्या म्हणजे माल कोरडा पडलाय, पाणी द्या.

सावजी रश्श्याची तर्री, हाडं, तेलकट भाजी घरच्या डब्यात नकोच. तेलाचा थर कचऱ्यावर बसला की हवा आत जात नाही, आणि हाडांना घुशी येतात.

संत्र्याची सालं एकदम ओतणं

हंगामात रस काढला की पाटीभर सालं निघतात. सालीतलं तेल आणि आंबटपणा यामुळे ती हळू कुजतात, आणि ढीग केला तर हिरवी बुरशी धरते. बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि दिवसाच्या कचऱ्यात पाव हिश्शापेक्षा जास्त घालू नका. उरलेली दोन दिवस उन्हात वाळवून वेगळ्या डब्यात भरून ठेवा.

त्यांचं बायोएन्झाईमही होतं, म्हणजे सफाईसाठीचा आंबवलेला द्रव: १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम सालं, एक लिटर पाणी, तीन महिने. काचेची बाटली घेऊ नका, आतल्या वायूने ती फुटू शकते. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, वर जागा सोडा आणि पहिला महिना रोज एकदा झाकण सैल करा. तयार द्रव आंबट असतो, त्यामुळे कोटा, शहाबादी, संगमरवरी फरशीवर वापरला तर तिची चकाकी जाते. ब्लीचमध्ये तर तो कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

कूलरचं पाणी रोज ओतून टाकणं, किंवा कधीच न टाकणं

कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणून टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जड होतं, वूडवूलवर (कूलरच्या जाळीतल्या लाकडाच्या काथ्यावर) पांढरी पुटं चढतात, हवा अडते आणि गारवा कमी होतो. मग पंखा रात्रभर फुल्ल. रोज टाकी रिकामी करणं ही नुसती नासाडी आहे. तीन दिवसांनी पाव टाकी सोडा आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कडा ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडांना चिकटतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. सोडलेलं पाणी पुसायला, संडासात किंवा अंगणातल्या मोठ्या झाडाला चालतं. कुंडीतल्या तुळशीला नको.

खोली बंद करून कूलर लावला तर दमटपणा कोंडतो. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. फ्लोटवर क्षार बसला की नळ पूर्ण बंद होत नाही आणि गच्चीवर पाणी गळत राहतं. फ्लोट तासभर व्हिनेगरमध्ये बुडवला की सुटतो. हंगाम संपल्यावर काढलेलं साधं, बिनरंगाचं वूडवूल दोनदा धुऊन वाळवलं तर खताच्या डब्यात तळाचा थर म्हणून चालतं. पावसाळ्यात टाकीत पाणी तसंच सोडू नका.

घंटागाडीत कॅरीबॅगची गाठ मारून टाकणं

गाठ मारलेली पिशवी म्हणजे ओलं, सुकं आणि प्लास्टिक एकत्र. ओला कचरा ढिगाखाली हवेविना सडतो, मिथेन तयार होतो, आणि भांडेवाडीच्या कचरा डेपोला उन्हाळ्यात लागणाऱ्या आगींना हाच वायू खाद्य पुरवतो. ओलं उघड्या बादलीतूनच द्या. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, तो खताच्या डब्यात घालू नका. तर्री-पोह्यांच्या चकचकीत प्लेटचंही तेच. पळसाची पत्रावळ मात्र चालते, फक्त आधी फाडा. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून काढू नका, तो लहानसा तुकडा कबाडीवाला उचलत नाही आणि नालीत जातो. अर्धवट चीर द्या, पिशवी विसळून वाळवा आणि शंभरेक जमल्या की एकत्र द्या.