कोकणातल्या घराचे तांब्याचे वायरिंग: सांधा, चिरा आणि अर्थिंग

किनाऱ्यालगतच्या घरात वायरिंग बिघडते ते बहुतेक सांध्याला. खारा दमट वारा उघड्या तांब्यावर हिरवा थर चढवतो, सांध्याचा रोध वाढतो, तो तापतो आणि एक दिवस बोर्डाला जळका वास येतो. वायर कोणत्या कंपनीची यावर घरोघरी तासभर चर्चा होते, सांध्यांची चौकशी कोणी करत नाही.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचे. नव्या जोडणीसाठी महावितरणला त्याचाच टेस्ट रिपोर्ट लागतो. खालची माहिती कामावर नजर ठेवायला.

वायर आयएस 694 ची, आयएसआय छापाची. दिवे-पंख्यांना 1.5 चौरस मिमी आणि 6 किंवा 10 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा खटका), 16 अँपिअरच्या प्लगला 2.5 आणि 16 चा एमसीबी, गीझर-एसीला स्वतंत्र 4 ची वायर आणि 20 चा. मीटरपासून डीबीपर्यंत (एमसीबी बसवायच्या पेटीपर्यंत) 6 किंवा 10 ची वायर, भाराप्रमाणे. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो. सारखा पडतो म्हणून 1.5 च्या वायरवर 32 चा बसवला की वायर जळेल, एमसीबी ढिम्म हलणार नाही.

विहिरीच्या पंपाला मात्र अंतरही मोजा. 1 एचपीचा सिंगल फेज पंप चालताना 6 अँपिअरच्या आसपास घेतो, पण सुरू होताना पाच-सहापट. विहीर 60 मीटरवर असेल आणि 1.5 ची वायर टाकली, तर जाऊन-येऊन 1.6 ओहम रोध होतो. 30 अँपिअरला 48 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. घरात 230 असले तरी पंपाला 182 मिळतात, मोटर गुरगुरते आणि शेवटी वाइंडिंग जळते. 4 ची वायर टाकली तर घट 18 व्होल्टवर येते. संध्याकाळी आधीच व्होल्टेज पडत असेल तर 4 च्या खाली येऊच नका.

झिरी मारणे (पाइपासाठी भिंतीत खाच पाडणे), पाइप बसवणे हे काम मे अखेर उरकलेले हवे. चिरा, म्हणजे भिंतीचा जांभा दगड, सच्छिद्र; मिरगानंतर (जूनच्या पहिल्या पावसानंतर) पश्चिमेची भिंत आतपर्यंत ओल धरते. त्या भिंतीत पाइप किंवा बोर्ड नकोच, आतल्या भिंतीवर घ्या. बाहेर दिवा लागतोच, त्याची वायर झाकणबंद बॉक्समध्ये खालच्या बाजूने शिरवा आणि शिरण्याआधी थोडा झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. 20 मिमीच्या पाइपात 1.5 च्या पाचच वायर. जास्त कोंबल्या तर ओढताना इन्सुलेशन खरवडते आणि दोष पहिल्या पावसात दिसतो. पाइपाच्या आत सांधा कधीही नाही.

आता सांधा. इन्सुलेशन 10-12 मिमीच सोला. सुरीने सोलताना दोन-चार बारीक तारा तुटतात, म्हणून स्ट्रिपर वापरा. टोकाला कथिलाचा मुलामा असलेला पिन-लग (तारेवर चढवायचे धातूचे टोक) क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, मगच स्क्रूखाली घाला. नुसती पिळलेली तार स्क्रूखाली पसरते. ओढून पाहा, हलता कामा नये. लगबाहेर तांबे दिसले तर सोलणे जास्त झाले आहे. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची असेल तर ती तांब्याला थेट पिळू देऊ नका: दोन धातू आणि खारे दव मिळाले की ॲल्युमिनियम खात जाते. तिथे बायमेटल लग, म्हणजे एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबे असलेला. बोर्डाची रिकामी भोके बुजवा, नाहीतर मुंग्या आणि पाली आत संसार थाटतात.

अर्थिंगला खड्डा 2.5 मीटर, असे पुस्तक सांगते. सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) कातळच लागला तर? मग 25 × 1.6 मिमीची तांब्याची पट्टी किमान 15 मीटर, अर्धा मीटर खोल चरात आडवी टाका. चर मोरीच्या पाण्याकडून किंवा माडाच्या आळ्यांजवळून न्या, तिथली माती उन्हाळ्यातही ओली राहते. मीठ-कोळसा भरून जीआय पाइप गाडला तर मीठच तो लवकर खाते, शिवाय पिण्याच्या विहिरीजवळ मीठ नकोच. अर्थिंगच्या रोधाचे रीडिंग मे महिन्यात घ्या. पावसात घेतलेले चांगलेच येते, म्हणून काही जण ऑगस्टमध्ये मोजून मोकळे होतात. 5 ओहमच्या खाली हवे. परतीच्या पावसातल्या विजांसाठी डीबीत टाइप 2 सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका जमिनीत सोडणारे साधन) लावणार असाल तर त्याचाही भरवसा याच अर्थिंगवर.

भिंती लिंपण्याआधी आणि पंखे-दिवे जोडण्याआधी 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) लावा. 1 मेगाओहमच्या खाली आलेला सर्किट तसाच सोडायचा नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जाणारा आणि येणारा करंट जुळला नाही की पडणारा खटका) घालाच, टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. नवा आरसीसीबी सतत पडू लागला तर लोक तोच काढून टाकतात. आधी न्यूट्रल तपासा. इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रल पट्टीवर जोडलेला असतो, आणि जाणारा-येणारा करंट जुळत नाही म्हणून तो पडतो. इन्व्हर्टरच्या सर्किटला स्वतंत्र काळी (न्यूट्रलची) वायर आणि स्वतंत्र न्यूट्रल पट्टी दिली की तक्रार थांबते. तरीही पडत असेल तर एकेक सर्किटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडून पाहा. नुसता एमसीबी पाडून दोष सापडेलच असे नाही, कारण न्यूट्रल जोडलेलाच राहतो.