तळ्याच्या पोटात डोकावणारी घरगुती नळी

ठाण्यातील उपवन किंवा कचराळी तलावाच्या काठावरून पाण्यात पाहिले, तर बहुधा आकाशाचे प्रतिबिंबच दिसते. ते टाळण्यासाठी 110 मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घ्यावा, कडा पॉलिश पेपरने घासाव्यात आणि एका तोंडावर जाड पारदर्शक प्लास्टिक ताणून रबर व चिकटपट्टीने घट्ट बांधावे. सुरकुती राहिली तर चित्र विस्कटते, म्हणून येथे घाई करू नये. गळती घरीच बादलीत तपासावी.

बंद तोंड पाण्यात बुडवून उघडे तोंड वर ठेवले, की दाबाने प्लास्टिक किंचित आत फुगते आणि तेथील पाणी भिंगासारखे काम करून शेवाळावरची गोगलगाय किंवा चतुराची अळी थोडी मोठी दाखवते. मुलांना निसरड्या पायऱ्यांवर एकटे सोडू नये.