नॉन-कोडिंग आरएनएचे डेटाबेस वापरताना या चुका टाळा

बडोद्यात एम.एस्सी.चा शेवटचा प्रकल्प करताना प्रयोगाचा खर्च झेपत नसेल, तर मायक्रोआरएनएचा (प्रथिन न बनवता इतर जनुकांना आवर घालणाऱ्या छोट्या नॉन-कोडिंग आरएनएचा) बराच अभ्यास नुसत्या लॅपटॉपवरही होतो. फक्त एक ध्यानात ठेवा: डेटाबेसमधली नोंद हा कुणीतरी केलेला दावा असतो. पुरावा पाहिल्याशिवाय ती तक्त्यात घेऊ नका.

सर्वात जास्त घोळ नावांचा होतो. मायक्रोआरएनएंची नोंद ठेवणाऱ्या मिरबेस या डेटाबेसमध्ये 'मिर' (miR) लिहिताना शेवटचा आर मोठा असेल तर तो परिपक्व, सुमारे २२ अक्षरांचा आरएनए. छोटा असेल तर ज्यातून तो कापून निघतो ते केसपिनेसारखं दुमडलेलं पूर्वरूप. एक्सेलचं व्हीलूकअप हे शोध-सूत्र मोठं-छोटं अक्षर वेगळं मानत नाही, त्यामुळे दोन्ही एकाच ओळीत येऊन बसतात आणि पत्ताही लागत नाही. म्हणून जुळणी नावावर न करता क्रमांकावर करा: माणसाच्या मिर-२१-५पीचा (५पी आणि ३पी ही पूर्वरूपाच्या दोन बाजूंची नावं) क्रमांक 'मिमॅट' या अक्षरांनंतर ०००००७६ असा असतो, पूर्वरूपाचा 'एमआय' नंतर ०००००७७ असा असतो. जुन्या शोधनिबंधांतला तारांकित मिर-२१ म्हणजे आजचा मिर-२१-३पी.

लेट-७ए हा मायक्रोआरएनए तर तीन जनुकांतून येतो: गुणसूत्र ९, ११ आणि २२ वर. जोशी म्हटलं की दांडिया बाजारातले, रावपुऱ्यातले की वाडीतले, असं विचारावं लागतं, तसंच हे. परिपक्व रूपाच्या मोजणीवरून तो कोणत्या जनुकातून आला ते सांगता येत नाही; प्रबंधात तसं लिहूही नका.

लक्ष्य-जनुकांची (मायक्रोआरएनए ज्यांना आवर घालतो त्या जनुकांची) यादी करताना होणारी चूक सर्वात महागात पडते. टार्गेटस्कॅन आणि मिरडीबी ही संकेतस्थळं अशा जनुकांचा नुसता अंदाज देतात. अंदाजाचा मुख्य आधार म्हणजे मायक्रोआरएनएच्या २ ते ८ या स्थानांवरची सात अक्षरं. सात अक्षरांचा कोणताही क्रम निव्वळ योगायोगानेही सरासरी १६,३८४ अक्षरांत एकदा सापडतो, म्हणून यादी शेकड्यांत जाते. आधी मिरडीबीत ८० च्या वरचे गुण घ्या, मग टार्गेटस्कॅनमध्ये इतर प्राण्यांतही टिकून राहिलेल्या जागा ठेवा, आणि शेवटी प्रयोगांचे पुरावे गोळा करणाऱ्या मिरटारबेसमध्ये त्या मायक्रोआरएनए-जनुक जोडीसाठी ल्युसिफरेज (थेट परिणाम तपासणारी चाचणी), वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन मोजणारी) किंवा क्यूपीसीआरचा (आरएनए मोजणारी) पुरावा शोधा. नुसत्या मायक्रोॲरेवर किंवा सीक्वेन्सिंगवर (हजारो जनुकं एकदम मोजणाऱ्या पद्धतींवर) बेतलेली नोंद तिथे कमकुवत गटात असते. मायक्रोआरएनए आणि जनुक एकाच ऊतीत व्यक्त होतात का, हेही पाहा. उरलेली दहा-बारा जनुकं कमी वाटली तरी तीच कामाची.

मिरबेसची २२.१ आवृत्ती २०१८ ची. तीत माणसाची १,९१७ पूर्वरूपं आहेत. काटेकोर निकष लावणाऱ्या मिरजीनडीबी या दुसऱ्या डेटाबेसमध्ये माणसाची मायक्रोआरएनए जनुकं सहाशेच्याही आत. अनोळखी नावाचा मायक्रोआरएनए हाती लागला, तर तो मिरजीनडीबीतही आहे का ते आधी बघा. लाँग (लांब) नॉन-कोडिंग आरएनएत आवृत्तीमुळे पडणारा फरक याहून मोठा: जेनकोड या जनुकांच्या यादीच्या ४६ व्या आवृत्तीतली त्यांची सुमारे वीस हजार जनुकं ४७ व्या आवृत्तीत पस्तीस हजारांच्या घरात गेली. डेटाबेसचं नाव, आवृत्ती, डाउनलोडची तारीख आणि जीनोमची बांधणी (माणसाच्या संदर्भ जीनोमची आवृत्ती, एचजी१९ की एचजी३८) त्याच दिवशी वहीत लिहा.

जीनोमवरची जागा एका अक्षराने चुकत असेल तर फाइलचा प्रकार पाहा: बेड फाइल ० पासून मोजते, जीएफएफ १ पासून.

क्रमांची जुळणी शोधणाऱ्या ब्लास्टमध्ये 'काहीच सापडलं नाही' असं आलं तर? कमांड लाइनवर ब्लास्टएनची (डीएनए-आरएनएसाठीच्या ब्लास्टची) मूळ मांडणी मेगाब्लास्ट असते आणि तिला सलग २८ अक्षरं जुळायला लागतात. २२ अक्षरांचा आरएनए तिथे कधीच सापडणार नाही. टास्क 'ब्लास्टएन-शॉर्ट' ठेवा, ई-व्हॅल्यू (योगायोगाच्या किती जुळण्या चालतील याची मर्यादा) १० वरून १००० करा. जीनोमच्या फाइलमध्ये ग्रेप या शोध-कमांडने शोधत असाल तर आधी आरएनएतल्या यू च्या जागी डीएनएतला टी घाला, आणि छोट्या अक्षरांतले पुनरावृत्त भाग निसटू नयेत म्हणून मोठ्या-छोट्याचा भेद बंद करा. जीनोमच्या फास्टा फाइलमधल्या (क्रम साध्या मजकुरात ठेवणाऱ्या फाइलमधल्या) ओळी तुटलेल्या असतात, त्या जोडल्याशिवाय दोन ओळींवर विभागलेला क्रम मिळणार नाही.